गाडीचा खांदा

बालाघाटातली ती खोली मला माझ्या चालीमुळे मिळाली. बँकेनं बदली तिकडं केली होती आणि खोल्या बघून बघून मी वैतागले होते. कोणी विचारायचं एकट्याच राहणार का, कोणी विचारायचं मटण-मासे करता का. या घराच्या फाटकातून आत शिरले तर अंगणात बनियनवर बसलेल्या म्हाताऱ्यानं काहीच विचारलं नाही. तो सरळ माझ्या पायांकडं बघत होता. मी अंगण ओलांडून पायरीपाशी पोचले तसं त्यानं आत तोंड करून बायकोला सांगितलं, "चाल साफ हाये. दोन्ही पाय सारखे टाकते. देऊन टाक खोली."

मी तिथूनच परत फिरणार होते. पण आतून काकू आल्या, हातात पाण्याचा तांब्या, आणि म्हणाल्या, "त्याईचं मनावर घेऊ नका मॅडम. माह्या बापालेही त्याईनं मी कशी चालतो हेच विचारलं होतं." मग मला हसू आलं आणि खोली घेऊन टाकली.

काकाजी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. परसवाडा, कटंगी, पुन्हा परसवाडा अशा बदल्या करत सारी नोकरी त्यांनी बैलांच्या खुरांत आणि गाईंच्या कासेत घालवली होती. निवृत्त झाल्यावर जनावरं सुटली, सवय सुटली नाही. शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी थर्मामीटर असायचा. मला एकदा ताप आला तेव्हा कपाळाला हात न लावता त्यांनी आधी माझे कान चाचपले. दुधवाल्याला ते "दाणा कमी खाऊन राह्यला का तू" असं विचारत. माझ्या स्कूटीकडं नुसतं बघून म्हणाले होते, "अशक्त हाये."

आणि अंगणात, कडुनिंबाखाली, त्यांची गाडी होती. छोटी, पांढरी, चार माणसं कशीबशी मावतील अशी, बरीच जुनी. ती नेहमी घराकडं तोंड करून उभी असायची, कारण "तिले मानसं दिसली पायजेत." तिच्याकडं मागून जायला बंदी होती. मी एकदा डिकीवर पिशवी ठेवली तर काकाजी खुर्चीतून उठून आले. "मांगून येऊ नका मॅडम. समोरून या, हात लावा, मंग काय करायचं ते करा." मी म्हटलं, काकाजी, ही लाथ मारत नाही. त्यावर ते इतक्या गंभीरपणे "अजून नाई मारली" म्हणाले की मी पिशवी उचलून समोरून फिरून आले.

कुठूनही गाडी आणली की ते खाली उतरून चारी चाकांना हात लावत. तोही उलटा हात, बोटांच्या पाठीचा. तळहात कामानं निबर झालेला असतो, त्याला ताप कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. "जनावर बोलत नाई म्हून त्याले हात लावा लागते," हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की पुढं पुढं ते सुरू झालं की मी ते मनात पुरं करायची.

पोळ्याचं मात्र मी पाहिलं नसतं तर विश्वास ठेवला नसता. काकूंचं माहेर कटंगीच्या पुढं, आत एका खेड्यात. तिथं बैल अजून आहेत. आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात, खांदशेकणी म्हणतात तिला. वर्षभर जू वाहून खांद्याला घट्टा पडलेला असतो, त्याची ती क्षमा मागणंच. दुसऱ्या दिवशी बैल नाल्यावर नेऊन धुवायचे, सजवायचे, तोरणाखाली रांगेत उभे करायचे. काकाजींच्या घरचे बैल केव्हाच गेले होते. तर हे काय करायचे, खांदशेकणीला गाडीची चाकं काढून हबला हळद-लोणी लावायचे. हब म्हणजे चाक ज्याच्यावर बसतं तो लोखंडी गड्डा. "बैलाचा भार खांद्यावर, गाडीचा हबवर. मंग खांदा कोनता झाला?" असं ते मला विचारायचे, जणू मी वाद घालणार होते.

आणि पोळ्याला गाडी नाल्यात. बालाघाटहून वारासिवनी, कटंगी करत, वाटेत कुठं न थांबता, उतारावरून सरळ पाण्यात. चाकं अर्धीअधिक बुडाली की काकाजी पँट वर खोचून उतरायचे आणि बैल धुणाऱ्या लोकांच्या मधोमध नारळाच्या शेंडीनं गाडी घासायचे. मग काकूंच्या जुन्या हिरव्या लुगड्याची शिवलेली झूल बॉनेटवर चढायची आणि गाडी तोरणाखाली बैलांच्या रांगेत उभी राहायची. पुरणपोळीचा नैवेद्य वायपरपाशी. गावचे लोक हसत, पण जागा ठेवत. काकू गाडीच्या शेजारी पदर सावरून उभ्या राहायच्या आणि कोणी फोटो काढायला आलं की तोंड फिरवायच्या.

एरवी ती गाडी दर रविवारी त्याच गावाला जायची. काकूंची आई तिथं होती. खाटेवरून उठत नव्हती, गाव सोडून यायला तयार नव्हती, भाऊ-भावजय तिचं सगळं नीट करत होते, पण केसांना हात लावू द्यायची नाही. केस लेकीनंच विंचरायचे. काकू रविवारी तेल घेऊन जायच्या, सावकाश गुंता सोडवायच्या, वेणी घालायच्या. त्यात दुपार जायची. तोवर काकाजी गावातली जनावरं फुकट तपासून यायचे. आठवडाभर म्हातारी फोनवर एकच विचारायची, रविवार कधी हाये.

गाडीनं आवाज करायला सुरुवात केली ती दिवाळीच्या सुमारास. आधी लांबून विमान जावं तसा हूं हूं, वेग वाढला की वाढणारा. काकाजींनी टायरला दोष दिला, रस्त्याला दिला. उलटा हात लावून पाहिला तर चारही चाकं गरम, ताप कोणत्या पायात आहे ते कळेना. मग एका रविवारी परत येताना कटंगीच्या रस्त्यावर, वळणावर समोरून ट्रक आलेला असताना, स्टिअरिंग त्यांच्या हातात थरथरायला लागलं. गाडी कडेला लागली, कोणाला काही झालं नाही. काकू उतरल्या. तेलाची बाटली असलेली पिशवी घेऊन त्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या आणि मागून आलेल्या बसला हात केला.

ही हकिगत मला दोघांनीही वेगवेगळी सांगितली आणि दोन्हींत फरक नव्हता. काकू बसमध्ये खिडकीशी, काकाजी गाडीत, बसच्या मागं. बस थांबली की हे थांबत. बस हळू झाली की हळू. बालाघाटच्या स्टँडवर बस लागली तेव्हा काकाजी फाटकापाशी गाडी लावून तयार होते. काकू समोरून चालत गेल्या आणि रिक्षा केली. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या, "चाक बोलाचं थांबल्याबिगर मी तिच्यात बसनार नाई."

मुलगा इंदूरला नोकरीत. त्याचा फोन स्पीकरवर लागला की सगळ्या घराला ऐकू यायचा. "बाबा, कितनी बार बोलूँ, गाडी कबाड में दे दो. आईसाठी मैं टैक्सी लगा देता हूँ, हर संडे." मला तरी यात वावगं दिसलं नाही. तसं मी बोलूनही दाखवलं. काकाजींनी माझ्याकडं असं पाहिलं की मी जेवणाचं ताट घेऊन वर गेले.

पुढच्या रविवारी टॅक्सी आली. काकू गेल्या आणि अपेक्षेपेक्षा फार लवकर परतल्या. पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाल्या, "थो ड्रायव्हर बाहेरून हारन वाजवत होता. मायची अर्धी वेनी तशीच राह्यली." आणि रडल्या. मी काकूंना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. काकाजी दारात उभे होते. ते काही समजूत घालायला गेले नाहीत. उलट बाहेर जाऊन गाडीखाली जॅक लावला.

तिथून पुढं त्या माणसाला दुसरं काही दिसेना. ते चाक वर उचलत, वरून-खालून धरून गदागदा हलवत आणि मला बोलावत. "पाहा मॅडम, दात हलून राह्यला." खरंच हलत होतं, अगदी थोडं. हातानं फिरवलं की आतून खरखर यायची. पुढचं डावं सगळ्यात वाईट होतं, पण निरोगी एकही नव्हतं. गॅरेजचा मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, "काका, बेरिंग बदल दो, हब रहने दो. चल जाएगी."

"चल जाएगी म्हणजे?"

"मतलब, चल जाएगी."

काकाजींनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग मला म्हणाले, "घट्टा पडलेल्या खांद्यावर नवं जू ठेवलं तं बैल चालते. पन चालते म्हून काय नीट हाये?" त्यांनी ठरवलं, चारही हब नवे, आतलं सगळं नवं, आणि खोलायचं स्वतःच्या हातानं. मी विचारलं, तुम्हाला येतं का? ते म्हणाले, "पोटातलं पयलं वासरू काढता येते काय कोनाले? हात घालून शिका लागते." मला ही तुलना सकाळी सकाळी नको होती.

सामान गोंदियाहून बसच्या ड्रायव्हरकरवी मागवलं. ते यायच्या आधीच खोलायला घेतलं. पुढच्या चाकाच्या मधोमध जो मोठा नट असतो तो सोडवायचा तर कोणीतरी आत बसून ब्रेक दाबून धरायला हवा, नाहीतर सगळंच फिरतं. ते काम माझं. मी बँकेत जायच्या कपड्यांत गाडीत बसून ब्रेकवर पाय रोवला. काकाजींनी पान्याला लांब पाइप जोडला आणि जोर लावला. नट हलेना. माती, गंज, वर्षं, सगळं त्यात बसलं होतं. रॉकेल सोडून झालं, ठोकून झालं. त्यांचा बनियन घामानं ओला झाला, तळव्याची कातडी निघाली, तरी ते थांबेनात. मी म्हटलं, काकाजी, गॅरेजवाल्याला बोलवा. त्यांनी ऐकलंच नाही.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. चाक गप्प झाल्याशिवाय गाडीत न बसण्याचा पण चालू होता, आणि गाडीबद्दल नवऱ्याशी अबोलाही. हाताला कणीक. "सरका," म्हणाल्या. एक हात काकाजींच्या खांद्यावर ठेवून त्या पाइपवर चढल्या आणि सगळा भार देऊन उभ्या राहिल्या. मोठा कडाका होऊन नट सुटला. त्या सावकाश खाली उतरल्या, लुगडं झटकलं आणि आत जाता जाता म्हणाल्या, "आन म्हने वजन कमी कर."

हब बाहेर आला तो चिखलासकट. आत पिवळं, चिकट ग्रीस असायला हवं होतं, तिथं चहाच्या रंगाचा गाळ होता. काकाजींनी तो बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. पुन्हा चोळला. मी आत बसून विचारत होते, काय झालं, पाय काढू का? मी उतरून पुढं गेले तर ते बोट माझ्यापुढं धरून म्हणाले, "रेती." बारीक, काळसर रेती होती. कुठली, ते त्यांना सांगावं लागलं नाही. मी त्या नाल्यात उभी राहून पोळा पाहिला होता.

त्यांनी ग्रीस पुसलं, हात धुतले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. मी दारातून ऐकलं.

"ऐकून घे. चाक मी मारलं."

काकू पोळी लाटत होत्या. "काहून?"

"गाडी इथून पळत जाते, चाक तापून राह्यते. तसंच तापलेलं मी पान्यात घालत होतो. तापलं लोखंड पानी ओढून घेते, संगं रेती. दरसाल घातलं. म्या घासून घासून मारलं तिले."

मला त्यांचं फार वाईट वाटलं. आणि अभिमानही वाटला, तो का, ते सांगते. तो गाळ फक्त आम्ही दोघांनी पाहिला होता. पुसून टाकला असता, रस्त्याला शिव्या दिल्या असत्या, तर कोणाला कळणार नव्हतं. मी तरी तेच केलं असतं.

काकूंनी लाटणं थांबवलं नाही. "मले वाटलं रस्त्यानं मारलं," म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, "आन मंग आता?"

"आता चारही काढतो."

"आन पोळा?"

काकाजी बाहेर येऊन पुन्हा गाडीपाशी उकिडवे बसले.

पुढचे कित्येक दिवस अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. सुटलेले भाग जुन्या साडीवर मांडलेले असत आणि त्यांच्यावरून उडी मारून मी बँकेत जाई. दाबून बसवायचं काम घरी होत नाही, त्यासाठी मोठं यंत्र लागतं. तेव्हा काकाजी एकेक भाग टॉवेलात गुंडाळून माझ्या त्या अशक्त स्कूटीवर मागं बसून गॅरेजला नेत. मिस्त्री दाबत असताना ते असे वाकून बघत की तो म्हणायचा, "काका, साया पड रहा है." एक बेअरिंग तिरकं बसलं. मिस्त्री म्हणाला, घिसकर बैठ जाएगा. काकाजींनी ते बाद करवून दुसरं मागवलं, आणि ते येईपर्यंत ज्या रविवारी निघायचं ठरलं होतं तो रविवार गेला. काकू भिंतीला टेकून फोनवर आईला सांगत होत्या, "आजचा नाई वं माय, पुढचा." काकाजी ते ऐकत होते. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून पुन्हा अंगणात ठोकाठोक सुरू झाली.

अखेर गाडी चार पायांवर उभी राहिली. नवे नट घट्ट झाले, तेव्हाही पाइपवर काकूच उभ्या राहिल्या. आधी काकाजी एकटे फिरवून आले, मग मला घेऊन. मला काही आवाज येईना, पण माझ्या कानांवर त्यांचा विश्वास नव्हता. रविवारी सकाळी त्यांनी गाडी फाटकाकडं वळवली आणि पुढचं दार उघडून उभे राहिले. काकू आल्या. गाडीला समोरून फेरी घालून, बॉनेटला हात लावून बसल्या. मला मागं बसवलं, साक्षीला असावं म्हणून.

काचा बंद. रेडिओ बंद. काकूंच्या मांडीवर तेलाची पिशवी, डोळे मिटलेले. काकाजींनी हळूहळू वेग वाढवला. वारासिवनी मागं पडलं. ट्रकचं ते वळण आलं, गेलं. काकाजींच्या मानेच्या शिरा मला मागून दिसत होत्या. त्यांना वळून विचारायचं होतं आणि धीर होत नव्हता. मलाच राहवेना, मी तोंड उघडणार तेवढ्यात काकू डोळे न उघडता म्हणाल्या, "सकाळच्या पोह्यात मीठ जास्त झालतं काय?"

काकाजी खाकरून म्हणाले, "हौ. जराकसं." त्यानंतर काकू कटंगीपर्यंत बोलत राहिल्या, भावजयीबद्दल, तुरीच्या डाळीबद्दल, माझ्या लग्नाबद्दल. मी सगळं ऐकून घेतलं.

दारात हॉर्न वाजला तशी आतून म्हातारीनं विचारलं, "आला काय वं रविवार?" त्या दिवशी गुंता इतका होता की वेणी व्हायला संध्याकाळ झाली. कोणी बाहेरून घाई केली नाही.

जुने हब मला वाटलं भंगारात गेले. तीन गेलेही. पुढचा डावा काकाजींनी ठेवला. रॉकेलनं धुऊन, घासून, ओसरीत पाटावर. मी विचारलं, याचं काय करणार? ते म्हणाले, "बसला हाये, बसू द्या. त्यानं वजन वाह्यलं हाये आमचं." येता-जाता उलटा हात लावत.

पोळा आला. खांदशेकणीला चाकं काढली गेली नाहीत. संध्याकाळी ओसरीत काकाजी त्या पाटापुढं बसले आणि जुन्या हबला हळद-लोणी चोळलं, प्रत्येक खाचेत बोट घालून. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. गावी पोचल्यावर म्हातारीला उचलून, वेणीबिणी घालून गाडीत पुढं बसवलं आणि नाल्यावर गेलो. उतारापाशी आल्यावर काकाजींनी ब्रेक लावला. गाडी वरच, कोरड्यात, बाभळीखाली उभी राहिली. बैल धुणारे बघायला लागले. एकानं विचारलं, "काहून जी, यंदा गाडीले आंघोय नाई?"

"तिची तब्येत बरी नाई," काकाजी म्हणाले.

मग त्यांनी डिकीतून टॉवेलात गुंडाळलेला हब काढला, पँट वर खोचली आणि पाण्यात शिरले. बैलांच्या मधोमध उभं राहून त्यांनी तो नारळाच्या शेंडीनं घासला, पाण्यात बुडवला, काढला, पुन्हा बुडवला. हसले नाहीत असं कोणी राहिलं नाही. म्हातारीही हसत होती, तिला काय कळलं होतं देव जाणे. काकाजींचं कोणाकडं लक्ष नव्हतं. तो हब कडेवर घेऊन ते वर आले, झेंडूची माळ घातली आणि तोरणाकडं निघाले. बैलांच्या रांगेत त्यांची नेहमीची जागा रिकामी ठेवलेली होती. तिथं ते दोन्ही हातांत हब धरून उभे राहिले, ओल्या पायांनी, ताठ.

काकू गाडीतून उतरल्या. मला वाटलं, आता तोंड फिरवून उभ्या राहतील. पण त्या सरळ रांगेत गेल्या, तेलाच्या पिशवीत हात घातला आणि हिरव्या लुगड्याची वीतभर झूल काढली. कडेला जरीचा काठ, मधे गोल भोक, चार नाड्या. त्यांनी ती हबवर चढवली आणि नाड्या बांधल्या. बरोबर बसली.

काकाजी झुलीकडं बघत राहिले. "माप कवा घेतलं?"

"तुमी दुपारी झोपले होते तवा," काकू म्हणाल्या, आणि त्यांच्या शेजारी पदर सावरून उभ्या राहिल्या.